किल्ल्यातलं गलबत

दुबईच्या जुन्या किल्ल्यातलं म्युझियम मी कॉलेजात गेल्यावर प्रथमच पाहिलं. माझ्यापुढे एक गृहस्थ देवळात शिरावं तसे दारात चपला काढत होते. पहारेकरी हसला, "हबीबी, पहनके जाओ."

आत लाकडी गलबतापुढे ते "अरे देवा!" म्हणत थबकले.

मी चाचरत विचारलं, "काका, काय झालं?"

"आमचे बाबा कोकणातून असल्याच गलबतात बसून इथे आले होते. गावात सगळे त्यांना थापाड्या म्हणतात. मीसुद्धा."

गलबत केवढंसं होतं! त्यातून समुद्र ओलांडणारा माणूस डोळ्यांपुढे आला. मी विचारलं, "बाबा आहेत?"

"आहेत. ऐकू कमी येतं." ते घाईने निघाले. "गावी फोन वाण्याच्या दुकानात आहे. ओरडूनच सांगतो, सगळा गाव ऐकू दे."