कर्नलला 'दाखवा' कोण म्हणणार

शुक्रवारी संध्याकाळी परब साहेब कुवेतमधल्या महबूलातल्या आमच्या खोलीत खाटेवर बसून कर्नलच्या पिस्तुलासाठी लॅनयार्ड विणत होते. दोरी त्यांनी सकाळीच राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून आणली होती. लष्करी पिस्तुलाच्या मुठीखाली एक कडी असते. दोरीचं एक टोक तिच्यात, दुसरं गळ्यात. हातातून सुटलं तरी हत्यार जमिनीला लागत नाही. कर्नलच्या पिस्तुलाची कडी रिकामी होती आणि ते साहेबांना बघवत नव्हतं.

"वेसण नसलेलो बैल कसो, तसा दिसता ता," ते म्हणाले.

परब साहेब म्हणजे नायब सुभेदार यशवंत परब, निवृत्त; हुद्द्याने जेसीओ, म्हणजे हवालदाराच्या वर आणि कर्नलसारख्या अधिकाऱ्याच्या खाली. गाव कुडाळजवळ. पलटणीत ते हत्यारांचे उस्ताद होते. माझं पिस्तूल ट्रेनिंग त्यांच्याच हाताखाली झालं. मी पुढे हवालदार म्हणून बाहेर पडलो. नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि हे कोणी विचारलं नाही तरी मी सांगतो. त्या पदवीच्या आणि इंग्रजीच्या जोरावर कुवेतला एका शूटिंग रेंजवर मला रेंज सेफ्टी ऑफिसरची जागा मिळाली. साहेब माझ्यानंतर आले, कोच म्हणून. कागदावर मी त्यांचा वरिष्ठ. कागदाबाहेर ते साहेब आणि मी 'बीए'. तेवढीच हाक. सकाळी चहा टाकायला उशीर झाला की म्हणायचे, "बीए, पदवीत चाय करूक शिकवल्यानी नाय काय तुका?"

पलटणीत त्यांचा एकच धडा होता. बघ. बोट घाल. परत बघ. म्हणजे मॅगझिन काढली, स्लाइड मागे ओढली, की चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते तिथे, आधी डोळ्याने बघायचं, मग करंगळी आत घालून खात्री करायची, मग पुन्हा डोळ्याने बघायचं. उत्तरेकडच्या पोस्टवर गस्तीची तुकडी परत आली की गेटजवळ वाळूच्या पोत्यांसमोर सगळे रांगेत उभे राहायचे. साहेबांचा हुकूम यायचा, "खाली कर." फौजी हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. मग ते एकेका जवानाचं हत्यार स्वतः तपासत जायचे. कितीही थंडी असो, हातमोजा काढून. करंगळी चेंबरला लागली की हाडापर्यंत झोंबायचं. ते सुट्टीवर घरी जायचे तेव्हा गॅसचा कॉकही याच पद्धतीने बंद करायचे, असं वहिनी सांगायच्या.

फक्त अधिकाऱ्याचं हत्यार ते मागून घेत नसत. अधिकारी स्वतः दाखवायचे, साहेब सावधान उभे राहून बघायचे. आमच्याकडे ती रीत होती आणि तिथे ती चालली, कारण तिथले अधिकारी दाखवायचे.

कर्नलना आम्ही अबू फहद म्हणायचो. कुवेतच्या सैन्यातून निवृत्त, उंच, कमी बोलणारे. तरुणपणी लेफ्टनंट असताना ज्या बनावटीचं नाइन एमएम पिस्तूल त्यांच्या कमरेला होतं, तसंच एक त्यांनी मिळवलं होतं. सरप्लसमधलं. कुठल्या तरी सैन्याने मोडीत काढलेलं, मुठीवरचे शिक्के कोणीतरी घासून टाकलेले. लायसन्स त्यांच्या नावावर, हत्यार आमच्या आर्मरीत. दर शनिवारी सकाळी यायचे, गोळ्यांची एक डबी संपवून जायचे. साहेबांनी ते पिस्तूल पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा मला आठवतो. आमच्या पलटणीतही हेच होतं.

या पिस्तुलाची एक खासियत आहे. त्याच्या पोटात एक छोटा तुकडा असतो. मॅगझिन बाहेर काढली की तो ट्रिगरला अडवतो. मॅगझिन नाही तर ट्रिगर मेलेला. चेंबरमध्ये राउंड असला तरी गोळी सुटत नाही. ज्यांनी हे पिस्तूल वर्षानुवर्षं बाळगलं, त्यांच्या हाताला ते पाठ असतं. साहेबांच्या हाताला होतं. कर्नलच्याही. दोन देशांच्या दोन सैन्यांत एकच सवय.

रेंजचा नियम साधा होता. फायर संपला की प्रत्येकाने हत्यार रिकामं करून कोचला दाखवायचं, नळी सतत टार्गेटकडे. कर्नल दाखवत नसत. मॅगझिन काढायचे, पिस्तूल टेबलावर ठेवायचे, बोलायला वळायचे. मी दोनदा साहेबांकडे विषय काढला. दुसऱ्या वेळी ते चिडले.

"मेल्या, तू हवालदार, मी जेसीओ. कर्नलाक 'दाखवा' कोण म्हणतला?"

मी म्हटलं, साहेब, इथे आपण कोणीच कोणी नाही. तुम्ही कोच, ते मेंबर.

"तुझ्या पदवीत तसा आसात," ते म्हणाले. "माझ्या डोक्यात नाय." मग म्हणाले, "त्यांच्या लेनवर मी उभो ऱ्हवतंय. तू काळजी करू नको."

आणि ते खरंच उभे राहायचे. दर शनिवारी, लेन तीनवर, कर्नलच्या उजव्या खांद्यामागे एक पाऊल. त्या शनिवारीही. लॅनयार्ड त्यांनी स्वतः कर्नलच्या गळ्यात घातली. कर्नल हसले, दोरी ओढून बघितली आणि अरबीत काहीतरी म्हणाले. साहेबांना अरबी फारसं येत नव्हतं, पण ते खूश झाले.

मी काचेमागे कंट्रोल रूममध्ये होतो. चार लेन चालू होत्या. कर्नलकडे त्या दिवशी जुन्या लष्करी दारूगोळ्याची डबी होती, तीही सरप्लसमधली. अशा राउंडची टोपी, म्हणजे बुडाची दारू पेटवणारी चकती, कडक असते. हॅमरच्या पहिल्या ठोक्याला कधी कधी पेटत नाही. अर्ध्या मॅगझिननंतर त्यांचा ट्रिगर दाबला गेला आणि फक्त टक् झालं. मिसफायर.

मिसफायर झाल्यावर काय करायचं हे दोघांनीही शेकडो जवानांना शिकवलेलं. नळी समोर, थांबायचं, हात वर. कर्नल थांबले. मग त्यांनी मॅगझिन काढली. त्यांच्या लेखी तिथेच ते हत्यार मेलं. साहेबांच्याही लेखी. मी हेडसेटवर साहेबांना म्हटलं, "लेन तीन, चेंबर चेक."

साहेबांनी काचेकडे बघून हात वर केला. बघतो, असा. पण त्यांनी हात पुढे केला नाही. कर्नल स्वतः दाखवतील म्हणून ते उभे राहिले. सावधान. कर्नल पिस्तूल हातात धरूनच त्यांच्याकडे वळले. ते दाखवतच होते, पण भलतंच. त्यांनी अंगठ्याने हॅमर मागे ओढला आणि म्हणाले, "सी, नो मॅगझिन, डेड." आमच्या उस्तादांनी वर्गात हेच करून दाखवलेलं मी पाहिलंय, पण नळी भिंतीकडे धरून. कर्नलनी ट्रिगर दाबला.

दुसऱ्या ठोक्याला टोपी पेटली.

"सीझ फायर. सीझ फायर. लेन तीन, मॅन डाउन." हा माझा आवाज होता. रेकॉर्डिंगवर तो शांत ऐकू येतो.

मी पोचलो तेव्हा साहेब टेबलाला टेकून खाली बसले होते, गोळी पोटात उजवीकडे. कर्नल गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी जखम दाबत होते. पिस्तूल त्यांच्या गळ्यातल्या दोरीला लोंबत होतं. मी दोरी त्यांच्या डोक्यावरून काढली, नळी टार्गेटकडे केली. फील्ड ड्रेसिंग लावलं. ॲम्ब्युलन्स लवकर आली, त्याबद्दल तक्रार नाही.

कॅज्युअल्टीत ड्यूटीवरची सिस्टर सांगलीची निघाली. तिने मला आत घेतलं. साहेब शुद्धीवर होते. त्यांनी घराचं विचारलं नाही, दुखतंय म्हणाले नाहीत.

"बीए, हत्यार खाली झाला?"

"झालं साहेब."

"तू बघितलंस?"

"बघितलं. बोट घातलं. परत बघितलं."

त्यांनी मान हलवली. सिस्टरने मला बाहेर काढलं. ऑपरेशन टेबलावरून ते परत आले नाहीत.

नंतर तपास झाला. पिस्तूल उघडल्यावर कळलं की तो छोटा तुकडा आत नव्हताच. ट्रिगर हलका व्हावा म्हणून काही लोक तो काढून टाकतात. आधीच्या कुठल्या मालकाने काढला, कोणत्या देशात, हे कोणी सांगू शकत नाही. आर्मरीत घेताना बॅरल, स्प्रिंगा, सेफ्टी सगळं तपासलं गेलं होतं. हा तुकडा कोणी काढू शकतं हे आम्हा जुन्या सैनिकांच्या डोक्यातच आलं नाही. पलटणीत तो कोणी काढत नाही.

साहेबांना घेऊन मी गावी गेलो. आसपासचे माजी सैनिक मेडल लावून आले होते. सरकारी मानवंदना नव्हती, ती नियमात बसत नाही, आणि मी नियमाविरुद्ध बोलत नाही. गावात स्तंभ आहे, त्यावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. साहेबांचं नाव तिथे येणार नाही. वहिनींनी मला सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. कर्नलला माफ करता का, हे कुवेतच्या कोर्टासाठी त्यांना विचारावं लागलं; तिथे घरच्यांच्या माफीला कायद्यात वजन असतं. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"ह्येंनी कर्नलाक दाखवा म्हणून सांगूक नाय, होय ना?"

"नाही सांगितलं."

"नायच सांगतले," त्या म्हणाल्या, आणि सही केली.

मी परत आल्यावर एका दुपारी अबू फहद महबूलाला आमच्या खोलीवर आले. तीन जिने चढून. बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. बूट दाराबाहेर काढले. साहेबांची खाट अजून तशीच होती. त्यावर बसू का, असं त्यांनी मला विचारलं आणि बसले. पंखा चालू होता. खालून कोणीतरी मासे तळल्याचा वास येत होता. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, परबची रँक काय होती?

मी सांगितली.

"रेंजवर तो कोच होता, मला ऑर्डर देऊ शकला असता."

"यस सर."

"का दिली नाही?"

मला उत्तर येत होतं. पण ज्याने रँकचा मान राखला आणि ज्याच्या रँकचा राखला, त्यांतल्या उरलेल्या माणसाला ते कसं सांगायचं? मी म्हटलं, तुम्ही कर्नल होता, सर.

जाताना त्यांनी विचारलं, तुमच्या सैन्यात ती ऑर्डर कशी देतात? मी सांगितलं. त्यांनी ती दोनदा म्हणून बघितली, त्यांच्या उच्चारात. त्यांनी पुन्हा हत्यार घेतलं नाही. रेंजलाही आले नाहीत.

लेन तीनवर आता मी उभा राहतो. डॉक्टर येतात, शेख येतात, एकदा एक जनरलही आले होते. फायर संपला की मी त्यांच्या हाताखाली माझा तळवा धरतो आणि म्हणतो, "खाली कर." शब्द कोणाला कळत नाहीत, पण दाखवतात सगळे. मी बघतो. बोट घालतो. परत बघतो. आवाज मात्र साहेबांसारखा लागत नाही.