मुरबाडला न पोहोचलेले लेख

आमच्या संस्थेचं मुख्य ऑफिस शहापूरला आणि मुरबाड, कसाऱ्याला एकेक केंद्र. तिन्हीकडे एकेक सर्व्हर आणि त्यावर आमचे न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार लेख टाकायचे फलक. कुणी भातबियाण्यावर लिहायचं, कुणी पाड्यावरच्या पाण्यावर. शहापूरला आलेला लेख रांगेत पडायचा आणि इंटरनेट लागलं की दोन्ही केंद्रांना जायचा. ‘मोबाइलवर ग्रुप काढा की,’ असं लोक म्हणायचे. पण वीज गेली, लाइन गेली तरी रांगेतला लेख हरवत नाही, यावर माझा विश्वास होता. ती रांग सांभाळणं माझं काम.

एक दिवस किन्हवलीकडच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. “मॅडम, माझं लिखाण मुरबाडला येत नाय. बाकी सगळ्यांचं येतं.”

गुरुजी नळयोजनेवर लिहीत होते. कुठल्या पाड्यावर पाइप पुरले, कुठे नुसतेच टाकून ठेवले, हे ते सगळं पायी फिरून लिहायचे.

मी रांग बघितली. रिकामी. म्हणजे लेख इथून गेले होते. कसाऱ्याला विचारलं, तर तिथे सगळे होते. मग मुरबाडलाच कुणीतरी काढून टाकत असणार.

मुरबाडचं केंद्र एक गृहस्थ सांभाळायचे. शांत, गोड बोलणारे. त्यांचा चुलतभाऊ पाइपच्या कामात आहे, असं कुणीतरी चहा पिताना म्हणालं होतं. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आता त्यांचा गोडवाही खटकायला लागला. फोनवर ते “बघतो हं” म्हणाले, तर मला ते टाळणं वाटलं. मी पाइपांवर चार ओळींचा लेख लिहून पाठवला. तो मुरबाडला व्यवस्थित दिसला. तरी मनातली शंका हटेना. माझं नाव बघून तो काढला नसेल, असं मीच ठरवलं.

शेवटी न कळवता एसटीने मुरबाड गाठलं. त्यांनी चहा सांगितला. मी नको म्हटलं आणि सरळ सर्व्हरसमोर बसून नोंदी उघडल्या. गुरुजींच्या प्रत्येक लेखापुढे एकच नोंद होती: नाकारला, पुन्हा पाठवू नये.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“तेच तर मी तुमाला विचारणार होतो,” ते म्हणाले. “गुरुजी हेड ऑफिसबद्दल पण वाकडं लिहितात. आमाला वाटलं, तुमीच तिकडून अडवताय.”

त्यांनी सेटिंगची फाइल उघडली. लेख केवढा मोठा चालेल याची मर्यादा तिथे लिहिलेली होती, फारच छोटी. तिच्या वर एक ओळ होती: ‘विचारल्याशिवाय बदलू नये.’ खाली माझी आद्याक्षरं.

लाइन अगदीच मंद होती तेव्हा मीच ती मर्यादा घातली होती. कसाऱ्याची नंतर काढली, मुरबाडची राहून गेली. गुरुजी हाताने लिहिलेली पानं स्कॅन करून जोडायचे, म्हणून त्यांचेच लेख मोठे. आणि समोरच्या सर्व्हरने नाकारलेला लेखही रांगेतून निघून जातो, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी फक्त रिकामी रांग बघून निश्चिंत झाले होते.

“सॉरी,” मी म्हटलं. “मला वाटलं तुम्ही...”

“कळलं मला, मॅडम. तुमी चहा नको म्हणालात तेव्हाच.”

त्यांनीच मर्यादा वाढवली. दुसऱ्या दिवशी शहापूरहून मी सगळे लेख पुन्हा रांगेत लावले आणि ते पोहोचले.

संध्याकाळी गुरुजींना फोन करून सांगितलं, चूक माझी होती. आकार, मर्यादा, सगळं समजावलं.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “तुमी त्या मुरबाडवाल्याला वाचवताय, नाय का?”