खाली जाऊन येतो

माथेरानात ‘खाली’ म्हणजे नेरळ, फार तर कर्जत. आमच्या शेजाऱ्याचं ‘खाली’ मात्र अंटार्क्टिका. आधी इथल्या हॉटेलात चादरी घालायचा, आता बर्फाकडे जाणाऱ्या जहाजावर घालतो.

“बाहेर पेंग्विन हायत, म्हणून मी टॉवेलाचं माकड करून ठेवतो. गोरे लोक लई खूश!” हे सांगताना टेबलावरचा चहाचा कप तो बोटांनी धरूनच ठेवतो. न जाणो, माथेरान डुललं तर!

पहिल्या खेपेला मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवाळी होताच तो बॅग घेऊन दारात आला.

“वैनी, खाली जाऊन येतो. काय आनू?”

“कोथिंबिरीची जुडी आण रे,” मी म्हणाले आणि बटाटे फोडणीला टाकले.

संध्याकाळी त्याची बायको हसत आली. “अवो वैनी, त्यांचं खाली म्हंजी पृथ्वीच्या खाली!” आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग नातीच्या नकाशात ते ‘खाली’ शोधलं, तर बोट पार कागदाच्या कडेला गेलं.

शिमग्याला दार वाजलं. तो उभा, नाकाची सालं निघालेली, हातात हिरवीगार जुडी.

“उशीर झाला वैनी,” तो म्हणाला, “वाटंत बर्फ हुता.”