गुरुवारी सापडलेली चूक

तिला ‘कुलूप’ शब्द माहीत नव्हता. जन्म दिल्लीतला, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. घरी मराठी बोलायची, पण ताला-चाबीच म्हणायची. नोएडातल्या आमच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघीच. कुलूप आणि किल्ली मी तिला शिकवलं. कुलूप लगेच उचललं, चाबी काही सुटली नाही.

त्या महिन्यात आमचा प्रोग्रॅम अधूनमधून लटकायचा. काम वाटण्यासाठी तो स्वतःची नक्कल काढतो. त्याला फोर्क म्हणतात. फोर्क तिने लिहिलेला, म्हणून दोष तिच्यावर आला. तिला ठेवायचं की काढायचं, हे शुक्रवारी ठरणार होतं.

गुरुवारी दुपारी मला चूक सापडली. नोंदी लिहायला मी नुकताच एक वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या आत समांतर चालणारा धागा, घातला होता. लिहिताना दुसरं कोणी मध्ये येऊ नये म्हणून तो लॉक धरतो. नेमका तेव्हाच फोर्क झाला, तर नकलेत लॉक बंद अवस्थेत येतं आणि ते उघडणारा थ्रेड येतच नाही. नक्कल वाट बघत राहते, कायमची. तिचा फोर्क आधी वर्षभर नीट चालला होता.

माझे वडील चळवळीची पत्रकं काढायचे. लहानपणी एसटी स्टँडवर मीच ती वाटायचे. ‘गप्प बसू नका!’ आमच्या पत्रकांत गुन्हेगार कायम दुसराच कोणीतरी असायचा.

शुक्रवारी मॅनेजरने विचारलं, “फोर्क किसने लिखा था?”

“मैंने,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “अगं, बोल ना काहीतरी. एरवी कँटीनमध्ये भाषणं ठोकतेस!”

“सर, अभी और चेक करना पड़ेगा,” मी म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी तिने टेबल रिकामं केलं.

सोमवारी मी दुरुस्ती केली: फोर्कच्या आधी लॉक आपण घ्यायचं, नंतर मूळ आणि नक्कल, दोन्हीकडे सोडायचं. चार ओळी. मग मॅनेजरला सांगितलं, चूक माझी होती, तिला परत बोलवा.

“अब तो उसकी फाइल क्लोज़ हो गई,” तो म्हणाला. “चलो, बग तो गया ना.”

दिल्लीत मुनिरक्यातल्या माझ्या खोलीवर येऊन तिला फोन केला. सगळं सांगितलं.

“कधी कळलं तुला?”

“गुरुवारी.”

तिच्या घरी कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

“अच्छा,” ती म्हणाली. “म्हणजे किल्ली तुझ्याकडे होती.”

आणि फोन ठेवला. किल्ली म्हणाली. चाबी नाही.