फिलोमेनामावशीच्या पंगतीतून मी गाळलेला माणूस

मी माझ्या सख्ख्या काकाला जेवणातून वगळलं होतं. चुकून नाही, मुद्दाम.

आज सकाळी आमची शेजारीण फिलोमेनामावशी गेली. सगळे तिच्या प्रेमळपणाबद्दल लिहितायत. मला हेच लिहायचंय.

सहा वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं लग्न होतं. ख्रिस्तांव घरात लग्नाच्या आधी एक जेवण असतं, भिकाऱ्यांचं जेवण. घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने गावातल्या गरिबांना बोलावून आधी वाढायचं. ते जेवल्याशिवाय घरचं कोणी जेवत नाही.

मावशीने बोलावण्याचं काम मला दिलं. आमच्या पार्से गावात मला सगळी घरं माहीत आणि हाताशी स्कूटर.

मी चांगले चांगले गरीब निवडले.

एक विधवा आजी. डोळ्यांनी न दिसणारे एक मास्तर. देवभोळे, स्वच्छ, न पिणारे. एकूण आठ जण.

बाबांचा धाकटा भाऊ विठूकाका त्यात नव्हता. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, तो बाटलीला लागला, काकी बांद्याला माहेरी गेली. मग आम्हीही त्याला घराबाहेर काढलं. धारगळच्या हायवेवर एका बंद गाड्याच्या आडोशाला झोपायचा.

आमच्या घरातला माणूस भिकाऱ्यांच्या जेवणाला? लोक काय म्हणतील?

पंगत बसली. मावशीने माणसं बघितली आणि मला बाजूला घेतलं.

"आनी तुझो काका?"

"मावशी, तो पिऊन गोंधळ घालीत."

"पिल्लो म्हणून भूक लागणा काय रे?"

मी वळायला लागलो, तिने हात धरला.

"तुका मी बोलवूक सांगल्लंय, निवडूक न्हय. देवान माकाय कधी निवडूक सांगूक ना."

तिने पंगत थांबवली. लग्नघर तसंच टाकून, थोरल्या जावयाच्या गाडीत बसून स्वतः धारगळला गेली. तासाभराने विठूकाकाला घेऊन आली. त्याच्या हातावर पाणी घातलं. शेवटच्या पानावर बसवलं.

मी भात वाढत होतो. त्याच्या पानापर्यंत आलो आणि भांडं दुसऱ्याच्या हातात दिलं.

त्याने मान वर केली नाही. पण त्याला कळलं. मला माहीत आहे, कळलं.

त्या दिवसापासून मावशीच्या बल्कांवावर, दारातल्या बसायच्या ओट्यावर, रोज त्याची पेज सुरू झाली. पेज, लोणचं, कधी सुक्या बांगड्याचा तुकडा. त्याची दारू सुटली का? नाही. असल्या पोस्टमध्ये सुटते, खऱ्यात नाही सुटली. मावशीने कधी विचारलंही नाही. पेज मात्र एक दिवस चुकली नाही.

तो आमच्या दारावरूनच जायचा. त्याची चाहूल लागली की मी आत जायचो.

सहा वर्षं मी रोज आत गेलो. लाज वाटते लिहिताना.

आज मावशीला हॉलमध्ये ठेवलं होतं. अख्खा वाडा जमला होता. विठूकाका गेटबाहेर उभा. आंघोळ केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाय अनवाणी. मला बघून पुढे आला.

"हांव भितर येव?"

मला विचारलं. ज्या घरात तो रोज जेवला, त्या घरात यायची परवानगी माझ्याकडे मागितली.

मी म्हटलं, "काका, चल."

त्याने मागे वळून बघितलं. मी कोणाला हाक मारली, ते बघायला.

मग आत गेला. मावशीच्या पायाशी बराच वेळ उभा राहिला. रडला नाही. मीच रडलो.

आता माती देऊन सगळे परत गेलेत. उद्या पेज कुठे, हे काकाने मला विचारलं नाही. मीच सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही. इथे पोस्ट लिहीत बसलोय.

मावशी, माफ कर. सुखाने जा.

बाकीचं नंतर लिहीन म्हणणार नाही. विठूकाका अजून तुझ्या पायरीवर बसलाय. त्याला घरी आणायला जातो.