मिरजेपर्यंतचा अबोला

मुंबईच्या विमानतळावर झाडांची तपासणी करणाऱ्या बाईंनी वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली, आत बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" माझ्या शेजारी उभा असलेला माझा मित्र म्हणाला, "माझं."

एवढाच शब्द. पण तो मला साताऱ्याच्या पुढपर्यंत पुरला.

गुंडाळीत होतं ते अडेनियमचं झाड. ज्यांना हे झाड माहीत नाही त्यांनी डोळ्यांसमोर हत्तीचा पाय आणावा. तसा फुगीर गड्डा खाली, वर आखूड फांद्या, पाणी थोडं, ऊन भरपूर, आणि फुलं अशी की कामाला निघालेला माणूस बघत उभा राहावा. कोल्हापुरात गारगोटी रोडला माझी नर्सरी आहे. गिऱ्हाईक मागेल ते मी विकतो, नारळापासून कढीपत्त्यापर्यंत. पण जीव अडकलाय तो अडेनियममध्ये. मित्र इचलकरंजीचा. त्याचे माग आहेत आणि शेडच्या गच्चीवर कुंड्यांच्या रांगा. मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे तो गुपितसुद्धा ओरडून सांगतो. आम्ही दोघं वर्षानुवर्षं पुणं, बेंगळुरू, जिथं प्रदर्शन असेल तिथं जोडीनं जातो. भाव मी करायचा, कागदपत्रं त्यानं सांभाळायची, अशी वाटणी ठरलेली. यंदा पहिल्यांदाच देशाबाहेर गेलो, थायलंडला, अडेनियमच्या वेड्यांच्या मेळाव्याला. घोळ झाला तो तिथं.

त्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर माझी बाजू कुणाला कळणार नाही.

आमच्याकडे झाडाची काडी कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. मागून आणलेली काडी लागत नाही, चोरून आणलेली लागते, हे शाळेत न गेलेला माणूसही सांगेल. म्हणून एखाद्याच्या दारात आपण एका झाडाजवळ जरा जास्त रेंगाळलो की घरची बाई म्हणते, "बसा, चहा टाकते," आणि आत जाते. ती आत गेली की आपण काडी मोडायची आणि खिशात टाकायची. ती चहा घेऊन येते, झाडाकडे बघत नाही. आपण चहा पितो, झाडाचा विषय काढत नाही. याला चोरी म्हणणारा माणूस मला आमच्या जिल्ह्यात भेटलेला नाही. वडिलांकडे ना जमीन होती ना दुकान. मी सायकलला क्रेट बांधून गुलाबाची आणि तुळशीची रोपं गल्लोगल्ली विकायचो. ताराबाई पार्कातल्या बंगल्यांच्या अंगणात मी किती चहा प्यायलोय त्याला मोजदाद नाही. माझी नर्सरी त्या चहावर उभी आहे.

तर थायलंडात मेळाव्याच्या लोकांनी आम्हाला गाडीत घालून झाडं वाढवणाऱ्यांच्या बागा दाखवायला नेलं. एका म्हातारीची बाग घराच्या मागं होती. बहुतेक झाडांना किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या. मागच्या भिंतीशी एक झाड होतं, त्याला चिठ्ठी नव्हती. फूल जांभळ्यापेक्षा गडद, जवळजवळ काळं, आणि पाकळीच्या कडेला पिवळी रेघ. मी तसं फूल त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही एका झाडाशिवाय कुठं बघितलेलं नाही.

मी भाव सुरू केला. भाषा येत नव्हती, पण भावाला भाषा कशाला लागते? फोनवर आकडा लिहून दाखवला, तिनं हसून मान हलवली. वाढवला, पुन्हा मान हलवली. मग मी आपला नेहमीचा डाव टाकला. पाठ फिरवली आणि फाटकाकडे निघालो, सावकाश, हाक मारायला तिला वेळ मिळावा म्हणून. लक्ष्मीपुरीच्या बाजारात या डावानं मला कधी दगा दिलेला नाही. फाटक आलं, हाक आली नाही. मी दुसरंच काही बघतोय असं दाखवत परत आलो. तिनं बाकाकडे हात केला, बसा म्हणून, हसली आणि आत गेली.

आता मला सांगा, मी काय समजायचं होतं?

मी पुढच्या फांदीचा शेंडा मोडला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ट्रे होता आणि त्यात गार पाण्याचे ग्लास. मोडलेल्या जागेतून पांढरा चीक गळत होता. तिनं तो बघितला, ट्रे खाली ठेवला आणि माझ्यासमोर हात पसरला, तळवा वर करून. मी शेंडा तिच्या तळव्यावर ठेवला. ती ओरडली असती तर मी सावरलो असतो, भांडण मला येतं. ती काही बोललीच नाही. त्यामुळे बोलायला लागलो मी. आमची रीत काय, चहा म्हणजे काय, हे मी तिला आधी हिंदीत आणि मग मराठीत समजावलं, आणि समजत नाही म्हटल्यावर आवाज चढला. बागेतली सगळी माणसं आमच्याकडे वळली. मित्र पळत आला. त्यानं मला हातानं मागं सारलं, तिच्यासमोर कमरेत वाकून हात जोडले, फोनमध्ये काहीतरी बोलला, आणि फोन तिच्या भाषेत बोलायला लागला. मला म्हणाला, "तू गाडीत जाऊन बस."

मी बसलो. काचेतून बघत होतो. थोड्या वेळानं तो आला, आणि त्याच्या काखेत ते झाड होतं.

माझ्या नावानं माफी मागायची आणि झाड आपल्या नावावर करायचं. बाजारात वाढलेल्या माणसाला याहून मोठा घाव नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. मेळावा संपेपर्यंत नाही, विमानात नाही. त्यानं खोलीवर झाडाची माती धुतली, मुळं सावलीत सुकवली, परवान्याचे कागद आणले, वर्तमानपत्रात गड्डा गुंडाळला. मी कॉटवर पडून बघत होतो. कुठं चूक काढावी तर एकही सापडत नव्हती, त्यामुळे राग जास्तच येत होता.

मुंबईहून सकाळची कोयना धरली. दिवसाउजेडी घरी नेणारी ही गाडी मला आवडते. माणूस हळूहळू आपल्या मुलखात शिरतो. मित्रानं पिशवी मांडीवर घेतली होती आणि दर थोड्या वेळानं चेन उघडून झाडाला वारा देत होता. कर्जतला त्यानं दोन वडे घेतले, एक स्वतः खाल्ला आणि एक आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर ठेवला. घाट सुरू झाला, बोगदे आले आणि गेले, वडा तिथंच. लोणावळ्याच्या अलीकडे एका बोगद्यात अंधार झाला तेव्हा मी तो खाल्ला. उजेड आल्यावर त्यानं रिकाम्या कागदाकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघत बसला.

पुणं गेलं. डोंगर बुटके झाले, मग नीरेकडचं कोरडं रान, मग पुन्हा हिरवं. साताऱ्याला समोरच्या सीटवर टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. गाडी सुटते न सुटते तोच त्यांचं लक्ष पिशवीकडे गेलं. गड्डा कागदातून अर्धा बाहेर आला होता.

"पावणं, एवढं मोठं रताळं कुठं पिकतंय?"

"रताळं न्हाय वो, झाड हाय," मित्र ओरडून म्हणाला. डब्यातल्या लोकांनी माना वळवल्या.

"कुणाचं?"

मी कान टवकारले. मित्रानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हाय एका बाईचं."

हे मात्र मला सहन झालं नाही. किती दिवसांनी मी तोंड उघडलं. "मग सकाळी माझं म्हणालास ते कशाला?"

"तिथं काय सांगू? कागद माझ्या नावाचं हाईत."

"विकत घेतलंस न्हवं?"

"घेतलं. पण ती विकत न्हवती गड्या. चिठ्ठी न्हवती त्याला, बघितली न्हाईस? तू शेंडा मोडल्यावर म्हणली, आता घेऊन जा, मला डोळ्यांपुढं नको." इथं तो थांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला हळू आवाजात बोलताना ऐकलं. "पण शब्द घेतला तिनं. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाला द्यायचं न्हाय म्हणली."

"आणि तू दिलास?"

"दिला."

"माझ्या तोंडावर सांगतोस?"

"मग काय पाठीमागं सांगू? आणि मोठा आवाज माझा का तुझा, ते आधी तिला इचारायला पायजे हुतं."

समोरचे गृहस्थ हसले. मी हसलो नाही. मी त्याला म्हटलं, हे तिथंच सांगायला काय झालं होतं. तो म्हणाला, तू बोलत होतास व्हय? मी खिडकीकडे तोंड केलं. कऱ्हाड आलं आणि गेलं, उसाचे फड सुरू झाले. मी मनात सगळा सौदा पुन्हा मांडून बघत होतो. तिनं मान हलवली तेव्हा ती भाव वाढवत नव्हती. मी भाव करत होतो तो एकटाच. फाटकापर्यंत गेलो तेव्हा तिनं हाक मारली नाही, कारण तिला वाटलं असेल, पाहुणा कंटाळला असेल, निघाला. परत आलो म्हणून पाणी आणायला गेली.

झाड मात्र हातातून गेलं होतं. शब्द म्हणजे शब्द. इचलकरंजीच्या बाजारात माझा मित्र शब्दाचा पक्का म्हणून ओळखला जातो, आणि मीच ते चारचौघांत सांगत आलोय.

मिरजेला गाडी थांबली. इथं ती बराच वेळ थांबते. मित्र उठला. पिशवी त्यानं माझ्या शेजारी सीटवर ठेवली, चेन उघडी. कागद बाजूला सारला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी चहा घेऊन येतो."

चहावाला किटली घेऊन आमच्याच डब्यात उभा होता. मित्र त्याच्या अंगावरून गेला आणि खाली प्लॅटफॉर्मवर उतरला.

मी पिशवीकडे बघत बसलो. पुढच्या फांदीवर मी मोडलेली जागा वाळून तपकिरी झाली होती. काडी मोडायला मला आयुष्यात विचार करावा लागलेला नाही. हात पुढं जातो, नख लावतो, संपलं. त्या दिवशी हात गुडघ्यावरून हलेना. मला झाड दिसत नव्हतं, म्हातारीचा वर केलेला तळवा दिसत होता.

मित्र दोन कप घेऊन परत आला. रीतीप्रमाणे त्यानं झाडाकडे बघायचं नसतं. त्यानं बघितलं. झाड जसंच्या तसं होतं. तो तसाच कप हातात धरून क्षणभर उभा राहिला.

"साखर कमी हाय," तो म्हणाला. "बदलून आणतो."

आणि पुन्हा उतरला.

समोरचे गृहस्थ मला म्हणाले, "पावणं, त्यांनी घोट न्हाय घेतला. साखर कमी कशी कळली वो?"

"त्याला कळतं," मी म्हटलं.

मग मी मागच्या बाजूची फांदी निवडली, जिथून मोडलं तरी झाडाचा आकार बिघडत नाही अशी. नख लावलं. शेंडा ओल्या रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि तुटल्या जागेवर वर्तमानपत्राचा कपटा दाबून धरला, चीक थांबेपर्यंत. म्हातारीच्या बागेत एवढं मी केलं नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली तेव्हा तो चढला. या वेळी त्यानं पिशवीकडे बघितलं नाही. कप माझ्यापुढं धरला, मी हात पुढं केला तसा मागं घेतला.

"हात धू आधी. चीक विषारी असतोय."

मी हात धुऊन आलो. चहा पाकासारखा गोड होता. आम्ही तो शेवटपर्यंत प्यायलो, झाडाचा विषय काढला नाही. तो सुताच्या भावाबद्दल बोलत होता, मी कुंड्यांच्या भावाबद्दल. हातकणंगल्याला तो पिशवी छातीशी धरून उतरला आणि गाडी हलल्यावर खिडकीशी येऊन ओरडला, "जपून जा लेका." सबंध प्लॅटफॉर्मनं ऐकलं. पंचगंगेचा पूल आला तेव्हा बाहेर काळोख पडत होता आणि मी खिशावर हात ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या शेंड्याचे तुकडे करून कलमं बांधली. त्यातलं एक जगलं, आणि त्याला फूल आलं तेव्हा कडेची पिवळी रेघ तशीच होती. माझ्या नावानं माफी मागायचा अधिकार त्याला कुणी दिला नव्हता, हे माझं म्हणणं आजही आहे, आणि आम्ही दोघं भेटलो की ते मी त्याला ऐकवतो. तो म्हणतो, मग जा आणि तू तुझी माग.

ते झाड नर्सरीच्या मागच्या भिंतीशी ठेवलंय. चिठ्ठी लावलेली नाही. चांगलं गिऱ्हाईक बरोबर तिथं जाऊन थांबतं आणि भाव विचारतं. मी मान हलवतो. ते आकडा वाढवतं, मी मान हलवतो. मग ते पाठ फिरवून फाटकाकडे निघतं, सावकाश. मी हाक मारत नाही. परत आलंच तर मी तिथंच उभा राहतो, आणि चहा सांगायचा झाला तर रस्त्यापलीकडच्या टपरीवाल्याला जागेवरूनच आवाज देतो.