बिनवाद्याची लेझीम

तानाबाईचा राग अमडापूरच्या बाजारापर्यंत ठाऊक होता. मिरची मापात कमी भरली, तर ती दुकानदाराचा तराजूच उलटा करी. पण त्या चैत्रात ती गप्प झाली होती, आणि वस्तीला त्या गप्पपणाचीच जास्त धास्ती वाटत होती.

कारण तिचा नवरा, पुंजाजी. जवानीत डफडं गळ्यात अडकवून गावातल्या दर नवरदेवापुढे वाजवत चालणारा आणि धम्म घेतला त्या साली तेच डफडं स्वतःच्या हातानं चुलीत घालणारा. आता कंपवातानं त्याचे हात थरथरत. हातांचं एक वेळ चाललं असतं, दगा दिला तो पायांनी. उंबरा आला, बोळ आला की पाय भुईला चिकटत. अंग पुढे, पाय मागे, की माणूस तोंडावर. चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "यावर औषध नाही. नुसतं बसू देऊ नका." बस्स, एवढंच.

तानाबाई वस्तीतल्या बायकांना लेझीम शिकवी. ती स्वतः कुठं शिकली? शाळेच्या कुंपणाबाहेर. गुरुजी आत पोरींना शिकवत, आणि ही डोक्यावर गोवऱ्यांची टोपली घेऊन बाहेर पाय हलवी. आता रोज संध्याकाळी पंचशीलाच्या झेंड्यापाशी तिचा वर्ग भरे. गुडघे धरलेली बनाबाई "मले म्हातारीले नाचवतं काय व?" म्हणत आली, आणि होळीपर्यंत स्वतःची घागर स्वतः आणू लागली.

झेंड्यालगतच्या आपल्या अंगणात पुंजाजी बाजेवर बसून पाहात राही. एका संध्याकाळी तानाबाईची नजर बाजेखाली गेली. त्याची पावलं लेझमीच्या ठेक्यावर उठत होती. नेमकी, न अडखळता.

"उठा जी."

"पडीन व."

"पडा. मी हाय न उचलाले."

तो उठला. लेझीम वाजत होती तोवर अंगणभर चालला. लेझीम थांबली, तोही थांबला, खुंटा ठोकल्यासारखा.

त्या दिवसापासून तो रोज रांगेत उभा राहू लागला. आणि एक दिवस बोलला, "जयंतीच्या मिरवणुकीत मी चालीन. मारुतीच्या पारावरून. कोनाचा हात न धरता. जनमभर त्या रस्त्यानं दुसऱ्याचे नवरदेव नेले. एक डाव आपल्यासाठी चालतो."

मिरवणुकीला मोठ्या रस्त्यानं परवानगी त्या वर्षी पहिल्यांदा मिळाली होती. अट अशी : वेशीपासून पारापर्यंत वाद्य बंद, आणि मध्ये कुठंही थांबायचं नाही. जयंती मंडळाचा इंद्रभान तणतणला, "तो मधातच अडकला तं? लोक म्हनतीन, मुद्दाम थांबले. डोकी फुटतीन, तानाबाई! बैलगाडीत बसव त्याले."

"बैलगाडीत फोटो बसते. मानूस चालते," ती म्हणाली. "अडकला तं मी लेझीम सोडीन. जनमाची."

लेझमीच्या भरवशावर शब्द देऊन बसली. चूक झाली ती इथंच. वाद्य म्हणजे ढोल, ताशा, बाजा. वस्तीनं डफड्याबरोबर ते सगळंच सोडलेलं. लेझीम म्हणजे कसरत, ती काय वाद्य! तिला नाही, इंद्रभानलाही नाही, कोणालाच वेगळं वाटलं नव्हतं.

वेशीत फौजदारानं काठी आडवी धरली. "ते खुळखुळणंही बंद."

लेझमी छातीशी गेल्या. रस्ता एकदम मुका झाला. वेस अरुंद. पुंजाजी तिच्यातून कसाबसा बाहेर पडला आणि पारासमोरच त्याचे पाय चिकटले.

मागून बैलगाडी आली, तिच्यामागून माणसं रेटू लागली. पारावरची मंडळी उठून उभी राहिली. "थांबले पाहा! मुद्दाम थांबले!" कोणी तरी खिदळलं, "काऊन बे पुंज्या, डफडं आनू का? मंग चालशीन!"

रांगेतला एक तरणा दगडासाठी वाकला. इंद्रभाननं त्याचं मनगट पकडलं आणि दातओठ खात तानाबाईला म्हणाला, "उचल याले!"

तानाबाईच्या मुठीत लोखंड होतं. खिदळणारं तोंड तिला दिसत होतं, दूरही नव्हतं. तिनं पुंजाजीकडे पाहिलं. घामानं थबथबलेला तो मान हलवत होता : हात लावू नको.

तिनं लेझीम कमरेला खोचली. आणि पाय आपटला.

धप्. परत धप्. बनाबाईनं आपला दुखरा गुडघा उचलून आपटला. मग मागची रांग, तिच्या मागची रांग. धूळ उठली, आणि तिच्यातून वर्गातला ठेका आला, बिनवाद्याचा.

"वाद्य बंद म्हटलं ना, बाई!" फौजदार ओरडला.

"पाय हायेत साहेब, आमचे सोताचे. पायालेई परवानगी लागते काय?"

तेवढ्यात पुंजाजीची टाच सुटली. मग दुसरी. तो चालू लागला, हात लटपटत, मान ताठ, थेट पारासमोरून. फौजदारानं काठी बगलेत घातली.

पार मागे पडला, लेझमी पुन्हा खणखणल्या, आणि पुंजाजीचा वेग वाढतच गेला.

"तानाबाई!" तो ओरडला. "मले आता थांबता नाई येऊन राह्यलं व! धर मले!"

तिनं धावत जाऊन त्याला धरलं, आणि त्या चैत्रात पहिल्यांदा भर रस्त्यात मनसोक्त शिव्या दिल्या.

दुखणं काही गेलं नाही. दुसऱ्याच सकाळी तो उंबऱ्यात अडकला. तानाबाई चुलीपुढे भाकर थापत होती. ती उठली नाही, वळूनही पाहिलं नाही. बसल्या जागेवरून तिनं टाच आपटली.

धप्. धप्.

"येतो, येतो," पुंजाजी म्हणाला, आणि आत आला.